मऊ पडलेलं कातडं

मिलिंद,

तुझं घड्याळ, पाकीट आणि खोलीच्या किल्ल्या पोलिसांनी मला परत दिल्या. होल्स्टर ठेवून घेतलं. पारदर्शक पिशवीत घातलेलं ते टेबलावर पडलं होतं आणि पिशवीचं तोंड उघडं होतं, त्यामुळे त्या एसीच्या गार खोलीत खोबरेल तेलाचा वास पसरला होता. आईच्या ट्रंकेचा वास. अधिकाऱ्याने नाकाला रुमाल लावला. मी लावला नाही.

नागपूरच्या एका मासिकाने अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. तुझा जन्म, तुझी फौजेतली नोकरी, तुला मिळालेलं पदक, हे सगळं कुणीतरी लिहीलच. मी तुझ्याशी बोलायचं राहिलेलं तेवढं बोलून घेते. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि मला अर्धवट कामं आवडत नाहीत, हे तुला माहीत आहे.

भांडण कशावरून, हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. आपण दोघं बहारीनमध्ये एकाच अरबाबकडे कामाला. अरबाब म्हणजे मालक. मी त्याच्या ऑफिसात खरेदीचं काम बघते, तू त्याचा अंगरक्षक. परवानगी मोठ्या ठिकाणाहून आलेली, पिस्तूल त्याच्या नावावरचं. अट एकच होती. पिस्तूल कुणाला दिसता कामा नये. मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीत, बसायला येणाऱ्या माणसाला तू साधा सेक्रेटरी वाटला पाहिजेस, शर्ट बाहेर, हातात फाईल. म्हणून पिस्तूल पँटच्या आत, कमरेला, उजव्या बाजूला. ते ज्यात बसतं ते होल्स्टर. ते कातड्याचं असावं की प्लास्टिकचं, यावर बहीण-भावाने महिनोन् महिने भांडावं, हे आईला कळलं असतं तर तिने दोघांनाही ठोकलं असतं.

नाही, ती माझ्या बाजूने उभी राहिली असती. तेच तर मी तुला सांगत होते.

पहिलं होल्स्टर मागवायची वेळ आली तेव्हा दोन्ही नमुने माझ्या टेबलावर होते. प्लास्टिकचं काळं, ताठ, पिस्तुलाच्या आकारात साच्यात दाबून काढलेलं. कातड्याचं तपकिरी, जाड, बारीक शिलाईचं. तू कातड्याचं उचललंस, नाकाशी नेलंस आणि हसलास.

"ताई, हे पाह्य. माणसासारखं आहे. घालशील तसं होते."

"घाम पिते ते," मी म्हटलं. "इथला जुलै पाहिला का तू? महिन्याभरात पिस्तुलाले गंज चढते."

"मी रोज पुसतो."

"अन् प्लास्टिक नळाखाली धरलं की साफ."

"प्लास्टिक टोचते. दिवसभर गाडीत मी बसतो, तू नाई बसत."

मग मी ते बोलले. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, कातड्याला पुन्हा हात लावला नाही. आईने तर पुढे जाऊन आयुष्यभर पायात रबराच्या स्लीपर घातल्या. लग्नाकार्यातही त्याच. तुझ्या फौजेच्या परेडला आली तेव्हाही निळ्या पट्ट्याच्या स्लीपर, आणि शेजारी साहेबांच्या बायका. मी म्हटलं, आपल्या घराने जे अंगावरून उतरवलं ते तू कमरेला बांधणार?

तू माझ्या पायांकडे पाहिलंस. माझे सँडल कातड्याचे होते, मनामाच्या बाजारातून घेतलेले, चांगले महाग.

"हे कशाचे आहेत वं ताई? रताळ्याच्या सालीचे?"

मॅनेजर कुरियनसाहेबांना मराठी येत नाही, पण तेही हसले. आजोबांनी लादलेलं काम सोडलं, स्वतःच्या पसंतीची वस्तू घ्यायला त्यांनी कुणाला बंदी केली नव्हती, असं तू म्हणालास. ते बरोबर होतं. तिथे मी हरले. पण गंजाचा मुद्दा तसाच राहिला आणि तोंडाचाही.

तोंडाचा मुद्दा तूच मला शिकवला होतास, म्हणून राग जास्त येतो. पिस्तूल काढणं सोपं, ते परत आत घालणं धोक्याचं, असं तू सांगायचास. होल्स्टरचं तोंड ताठ उभं राहिलं पाहिजे. ते मिटलं, त्याची कड आत वळली आणि ट्रिगरवर अडली, तर ढकलणारा हात तुझाच असतो आणि बोटाचं काम ती कड करते. नवं कातडं ताठ असतं. जुनं झालं की सैल पडतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटलीतली पोळी दुमडून तू हे दाखवलं होतंस. माझ्या ऋतुजाने विचारलं, "मामा, देन व्हाय डोन्ट यू यूज द हार्ड वन?" तू पोळी खाऊन टाकलीस.

तेव्हा ते नवीन होतं. काळजीचं काही नव्हतं. तरी त्या दिवसापासून तू आलास की मी आधी तुझ्या उजव्या कमरेकडे बघायची, मग चेहऱ्याकडे.

त्या वर्षात बहारीनमध्ये निदर्शनं पेटली होती आणि सगळेच काहीतरी बघत होते. दुपारी ऑफिसच्या गच्चीवरून गावांच्या दिशेला टायर जळाल्याचा काळा धूर दिसायचा, आणि खाली रस्त्यावर दुकानदार शटर अर्धं ओढून चहा पीत बसायचे. शाळेच्या बस ईसा टाउनहून वेगळ्या वाटेने यायच्या. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, मफी मुश्किल, काही अडचण नाही. अरबाबने गाडीच्या काचा काळ्या करून घेतल्या. मग गाडी बदलली. मग रोजचा रस्ता बदलायला लावला. कुणाची भीती आहे हे त्याने तुला कधी सांगितलं नाही. तू मला म्हणाला होतास, "ताई, मी कोणाकडे पाहू तेच माहीत नाई. म्हणून सगळ्यायकडे पाहतो." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सगळीकडे बघणाऱ्या माणसाला स्वतःची कंबर दिसत नाही.

बशीर, तुमचा ड्रायव्हर, सांगतो की अरबाबला सरकारी कचेरीत सोडलं की तुला पिस्तूल काढून गाडीतल्या पेटीत ठेवावं लागे. तो बाहेर आला की पुन्हा कमरेला. दिवसातून कितीदा तरी. बसल्या बसल्या, एका हाताने, शर्ट वर धरून. जे तू मला धोक्याचं म्हणून शिकवलंस तेच तू दिवसभर करत होतास, आणि ते तू मला सांगितलं नव्हतंस.

कातडं आवाज करत नाही, हा तुझा सगळ्यात मोठा मुद्दा. आणि शेवटी त्यानेच आवाज केला. एका उन्हाळ्याचा घाम पिऊन, मिठाने पांढरं पडून, एसीत वाळून ते करकरायला लागलं. मजलिसमध्ये तू वाकून अरबाबच्या कानाशी काही सांगत होतास, तेवढ्यात कर्रर झालं. समोरचे पाहुणे बोलायचे थांबले. अरबाबने तुझ्याकडे पाहिलंही नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "ये आवाज खलास करो."

पुढच्या शुक्रवारी तू जेवायला आलास. मी दार उघडलं आणि वास आला.

"डोक्याले तेल लावलं का?" मी विचारलं. डोकं तर फौजी, बोटाच्या चिमटीत धरता येणार नाहीत एवढे केस.

"डोक्याले नाई, कमरेले." तू खूश होतास. "पाह्य, चालून दाखवतो. काही आवाज येते का?"

तू बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चाललास, वाकलास, बसलास. आवाज नाही. आपल्या घरात करकरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला खोबरेल तेल लावलं जायचं. दाराच्या बिजागरीला, पाळण्याच्या कड्यांना, शिलाई मशीनला, आईच्या गुडघ्यांना. तुझ्या जागी दुसऱ्या देशाचा माणूस असता तर त्याने कातड्याला लावायच्या मेणाची डबी शोधली असती. तू खालच्या दुकानातून निळी बाटली आणलीस आणि तीनदा चोळून पाजलंस. मी ते हातात मागितलं. पिस्तूल त्या दिवशी ऑफिसच्या कपाटात होतं, सुट्टी होती. मी दोन बोटांनी त्याचं तोंड दाबलं. ते मिटलं आणि मिटलेलंच राहिलं, झोपलेल्या माणसाच्या पापणीसारखं.

"हे बाद झालं," मी म्हटलं. "फेक."

"चांगलं पंधरा दिवस उन्हात ठेवलं की होते ताठ."

"मिलिंद, मी सांगून राहिली. हे फेक अन् हे घे." मी दुसरं होल्स्टर कपाटातून काढून तुझ्यासमोर ठेवलं. प्लास्टिकचं, पहिल्याच वेळी आलेला नमुना, मी तो परत पाठवलाच नव्हता. तू म्हणाला होतास की गाडीत वितळेल. म्हणून ऑगस्टमध्ये मी तो तुझ्या भाऊजींच्या, माझ्या नवऱ्याच्या, गाडीत डॅशबोर्डवर दिवसभर ठेवून पाहिला होता. गाडीतली ऋतुजाची क्रेयॉन वितळली. होल्स्टर तसंच्या तसं.

तू ते कमरेला लावलंस. खुर्चीवर बसलास. खट्.

ऋतुजा सोफ्यावरून ओरडली, "मामा, आय कॅन हिअर इट!"

आपण सगळे हसलो. भाऊजी म्हणाले, अरबाबला सांग, दार वाजलं. तू पुन्हा उठलास, पुन्हा बसलास, पुन्हा खट्. मग ते काढून पिशवीत घातलंस.

"नेतो," म्हणालास. "याचं काही करतो मी."

"कधी?"

"इंशाल्ला."

बाजारात शिंपी इंशाल्ला म्हणतो तेव्हा कपडा कधी मिळणार, हे आपल्याला ठाऊक आहे. मी म्हटलं, मले इंशाल्ला नको, वार सांग. तू जिन्यात होतास. खालून ओरडलास, "ताई, तू खरेदी कर. कमर माही आहे!"

ते शेवटचं. मला त्यावर उत्तर सुचलं होतं, पण दार लागलं होतं.

जे झालं ते बशीरने मला सांगितलं, आणि नंतर पोलिसांनाही तसंच सांगितलं. सकाळची अकराची वेळ. कचेरीच्या आवारात ऊन. अरबाब पायऱ्या उतरत होता. तू पुढच्या सीटवर बसून पेटीतून पिस्तूल काढलंस, डाव्या हाताने शर्ट वर धरलास, नजर काचेबाहेर, पायऱ्यांवर, माणसांवर. सगळ्यांकडे. "एकदम आवाज हुआ, आपा. मैं समझा बाहर से किसी ने मारा. मिलिंद भाई ने भी बाहर ही देखा. फिर बोला, अरे. बस." गोळी मांडीतली मोठी रक्तवाहिनी फोडून खाली गेली. बशीरने सिग्नल तोडत गाडी पळवली. हॉस्पिटल जवळ होतं. तेवढंही पुरलं नाही.

भाऊजी तुझ्याबरोबर नागपूरला गेले. मी गेले नाही. रडायला तिथे माणसं होती, कागद करायला इथे मीच होते. आपल्या चार घरांतली माणसं आमच्या हॉलमध्ये जमली, वंदना झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. तिथे कळलं की गोष्ट ठरून गेली आहे. कुरियनसाहेब खाली बघत म्हणाले, अरबाबचं म्हणणं आहे की बोट ट्रिगरवर होतं. फौजी असून निष्काळजी. तसंच लिहिलं जाईल.

त्याच संध्याकाळी वर्षाचा फोन आला. तुझ्या बायकोने शवपेटीबद्दल विचारलं नाही, सामानाबद्दल नाही. एवढंच विचारलं, "ताई, त्यायनं बोट ठेवलं होतं का?"

मिलिंद, तू पाइपने आमच्या झाडाला पाणी घालायचास तेव्हाही तुझं बोट नॉझलच्या खटक्यावर नसायचं, बाजूला सरळ. ड्रिल मशीन धरलंस तरी तसंच. ऋतुजाला पाण्याची खेळण्यातली बंदूक दिलीस तेव्हा आधी शिकवलंस, "बोट बाहेर. पाहायचं, ठरवायचं, मग आत." ती पोर अजून हेअर ड्रायर तसाच धरते. सगळ्या आयुष्यात तू एक सवय पक्की केलीस, आणि मेल्यावर हे लोक तीच तुझ्याकडून काढून घेत होते. तुझी मुलगी मोठी होऊन विचारेल तेव्हा तिला सांगायला काय राहणार, की बाप बेफिकीर होता?

होल्स्टर कुठून घेतलं हे सांगायला पोलिसांनी मला बोलावलंच होतं. मी सांगितलं. मग म्हटलं, साहेब, हे एकदा हातात घेऊन तोंड दाबून बघा. अधिकारी वयस्कर होता, कंटाळलेला. त्याने दाबलं. ते मिटलं. त्याने उघडलं, ते पुन्हा मिटलं. मी म्हटलं, आता रिकाम्या पिस्तुलाने बघा. बसून, एका हाताने, दाराबाहेर बघत. त्याने होल्स्टर टेबलावर ठेवलं. मग हाताखालच्या जवानाला हाक मारली. जवानाने पिस्तूल रिकामं केलं, दोघांनी तपासलं, आणि तो खुर्चीत बसला. पहिल्या वेळी नीट गेलं. दुसऱ्या वेळी नीट गेलं. मला वाटलं, संपलं. पुढच्या वेळी त्याने ढकललं आणि आतून टक् आवाज आला. जवानाचं बोट बाहेर होतं, सरळ, सगळ्यांना दिसत होतं. तो घाबरून उभाच राहिला.

अधिकारी म्हणाला, "खलास." लिहायला घेतलं. बोट नाही, होल्स्टर, असं त्याने माझ्यासमोर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मग पेन थांबवून विचारलं, "तेल किसने डाला?"

मी सांगितलं, "उसी ने."

तुझं बोट वाचवलं, मिलिंद. तुझं तेल वाचवता आलं नाही. वर्षाला मी दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." कशाला बरं झालं म्हणाली, ते मी विचारलं नाही.

झिंज भागातली तुझी खोली मी परवा रिकामी केली. कपडे इस्त्री केलेले, घडी फौजेतली. पलंगाखाली एक रबराची स्लीपर सापडली, निळ्या पट्ट्याची, आईच्या असायच्या तशीच. दुसरी न्हाणीघराच्या दाराशी. तिचा पट्टा नव्हता. मला आधी वाटलं तुटला असेल, पण कापलेला होता, ब्लेडने, स्वच्छ. मग कपाट उघडलं. प्लास्टिकचं होल्स्टर खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रावर होतं. बाहेरच्या एका बाजूला, जिथे ते खुर्चीवर आपटायचं, तिथे निळ्या रबराची पट्टी चिकटवलेली होती. दुसरी बाजू कानशीने घासून तयार. पट्टीचा दुसरा तुकडा मापाने कापून शेजारी ठेवलेला. डिंकाच्या ट्यूबला टोपण नव्हतं, ती वाळून गेली होती.

म्हणजे तू ऐकलं होतंस. जिन्यातून ओरडलास, आणि घरी जाऊन आईची चप्पल कापलीस. एवढं तरी सांगायचं होतंस. मी हरले नव्हते, हे मला कळायला हवं होतं.

मी वाळलेली ट्यूब कचऱ्यात टाकली. मग खालच्या दुकानातून नवीन ट्यूब आणली आणि राहिलेला तुकडा चिकटवला.

ज्याच्या भीतीने तुझ्या कमरेला पिस्तूल बांधलं तो माणूस अजून आलेला नाही. कदाचित तो नाहीच. पण अरबाबच्या गाडीच्या काचा आणखी काळ्या झाल्यात, आणि काल नवा माणूस आला. हिमाचलचा आहे, फौजेतलाच, तुझ्यापेक्षा लहान. मी त्याच्यासमोर होल्स्टर ठेवलं. त्याने ते उलटंपालटं केलं, निळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"मॅडम, चमड़े का नहीं मिलेगा? चमड़ा आवाज नहीं करता."

"नहीं," मी म्हटलं.

"साहब बोले, आवाज बिलकुल नहीं चाहिए."

"बैठो."

तो खुर्चीवर बसला. आवाज आला नाही. उठला, बसला. नाही. त्याला आश्चर्य वाटलं. मग कुरियनसाहेबांनी तपासून दिलेलं रिकामं पिस्तूल त्याने उचललं, डाव्या हाताने शर्ट वर केला आणि खिडकीबाहेर बघत आत ढकलायला लागला. त्याची तर्जनी वाकलेली होती, ट्रिगरच्या कडीच्या आत.

"उंगली बाहर!"

मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचा टाइपरायटर थांबला. तो पोरगा गोंधळून माझ्याकडे, साडीकडे, टेबलावरच्या बिलांकडे बघायला लागला.

"मॅडम, आपको किसने सिखाया?"

"यल्ला, चलो," मी म्हटलं. "फिर से करके दिखाओ."